कमानीवरचं साल

कोळथडीच्या वेशीवर दगडी कमान उभी राहिली, तेव्हा तिच्यावर कोरलेलं साल उजाडायला अजून चौदा वर्षं होती.

'ऑलिम्पिक पदकविजेती (२०५२) कु. शिवन्या विकास पुकळे हिचे गाव आपले स्वागत करीत आहे.' काळा दगड, खोल अक्षरं, आत सोनेरी रंग. सरपंच धनाजीराव उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, "बाकीची गावं पदक मिळाल्यावर सत्कार करतात. त्यात कसली आलीय हुशारी? ते तर कुणीबी करंल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर पंधरा वर्षांची शिवन्या अंगावर शाल घेऊन बसली होती आणि तिचा उजवा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. मांडीवरचा नारळ त्या हादऱ्यानं घरंगळला आणि थेट आमदारांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

पुढच्या रांगेत बसलेल्या उज्वलाआत्यानं मोठ्यांदा विचारलं, "धनाजी, एकोणतिसाव्या वर्षीबी 'कु.'च ठेवणार का रं तिला?"

"सध्या कुमारीच हाय की, आक्का. पुढचं पुढं बघू."

"मग पदकाचंबी पुढं बघायचं व्हतं."

यावर टाळ्या पडल्या नाहीत.

हा सगळा प्रकार जिल्ह्याच्या क्रीडा केंद्रात बसवलेल्या शिखरमापी नावाच्या यंत्रामुळं सुरू झाला होता. यंत्राचा यात दोष नव्हता. ते एका खऱ्या दुखण्यावर शोधून काढलेलं होतं.

लांब पल्ल्याच्या मुलींचं हे दुखणं जुनं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एखादी काडीसारखी पोर भल्याभल्यांना मागं टाकते. पेपरात फोटो येतो. मग वर्ष-दोन वर्षांत तिचं शरीर बाईचं व्हायला लागतं. कंबर भरते, वजन वाढतं, वेग जरा उतरतो. शरीर तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांची बांधणी करत असतं, पण प्रशिक्षकाला वाटतं, पोर सुस्तावली. तो म्हणतो, खाणं कमी कर. पोर आज्ञाधारक असते. खाल्लेलं सगळं पळण्यातच जळतं, मग शरीर काटकसर करतं आणि पाळी बंद करून टाकतं. पाळीबरोबर हाडं भक्कम करणारं संप्रेरकही आटतं. ज्या वयात हाडं भरायची, नेमक्या त्याच वयात ती पोकळ राहतात. मग एके दिवशी नडगीला केसाएवढा तडा जातो आणि अठराव्या वर्षी पोर माजी खेळाडू होते. ज्यांची शरीरं या काळात सांभाळली गेली, त्या पंचविशी ओलांडल्यावर पुन्हा मुसंडी मारतात. पण तोवर त्यांना पळू देणारं कोण उरतं?

शिखरमापी मुलीची हाडं, रक्त, स्नायू, काळीज, फुप्फुसं असं सगळं मोजायचा आणि संगणकात तिची प्रतिकृती उभी करायचा. कपातला चहा निवेपर्यंत ती प्रतिकृती तीस वर्षं पळून, वाढून, दमून मोकळी व्हायची. कुठल्या वर्षी ती सर्वांत वेगवान होती, ते म्हणजे त्या मुलीचं शिखर.

शिवन्याचं शिखर एकोणतिसाव्या वर्षी निघालं, आणि ते इतकं उंच होतं की केंद्राच्या डॉक्टर ईरा फडणीस यांनी यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. त्यांनी शिवन्याच्या वडलांना नीट समजावून सांगितलं, की ही शक्यता आहे, आणि तीसुद्धा विशीपर्यंत पळणं अगदी मर्यादेत ठेवलं तर. 'मर्यादेत' हा शब्द गावात सुखरूप पोचला. 'शक्यता' वाटेत घाटात कुठंतरी उतरला.

मर्यादा पाळली जाते का, हे बघायला केंद्रानं शिवन्याच्या पायावर नडगीपट्टी बांधली. ही पट्टी महिन्यातून एकदा ध्वनिलहरींनी हाडाचा कस बघायची, रोज पायावरचा भार मोजायची आणि सगळी खबर प्रतिकृतीला द्यायची. भार जास्त झाला की घरघरायची आणि बाईच्या आवाजात बोलायची, "अनावश्यक हालचाल."

आता गाव म्हटल्यावर गावानं मनावर घेतलं. विकास पुकळे पोरीला रिक्षातून शाळेत सोडायला लागला. शाळा घरावरून दिसत होती. मधल्या सुट्टीत खो-खोचा डाव पडला, की गुरुजी शिवन्याला झाडाखाली बसवायचे आणि वर म्हणायचे, "बस बाळ, देशासाठी बस."

तिची प्रतिकृती मात्र रोज पळायची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर धनाजीरावांनी मोठा पडदा लावून घेतला होता. संध्याकाळी लोक भेळ बांधून घेऊन यायचे आणि प्रतिकृतीच्या पुढच्या सालांतल्या शर्यती बघायचे. २०४६ची आशियाई शर्यत प्रतिकृतीनं मारली, तेव्हा फटाके फुटले. शिवन्या मागच्या बाकावर पाय आपटत बसली होती. गर्दीतलं कुणीतरी वळून म्हणालं, "अगं, हळू. ऐकू येईना."

तिच्या शेजारी तिची मैत्रीण समृद्धी लोखंडे, म्हणजे समू, बसलेली असायची. समूचीही मोजणी त्याच दिवशी झाली होती. तिचं शिखर येत्या हिवाळ्यात होतं. त्यापुढं आलेखावर उतार, थेट खालपर्यंत. केंद्रानं आपल्या वसतिगृहाच्या यादीतून तिचं नाव काढलं. वेल्डिंगचं शेड चालवणारे तिचे वडील म्हणाले, "जानेवारीची माळावरची शर्यत पळ. मग बूट माळ्यावर. यंत्रच सांगतंय म्हटल्यावर आपण कशाला धडपडायचं?"

पडद्यावर प्रतिकृती पदक घेत होती. समू पुढं बघतच म्हणाली, "शिवे, जानेवारीला माझ्यासंगं पळ."

"पट्टी हाय."

"माहीत हाय. पण वारा कोण घेणार?"

कोळथडीच्या वर पठार आहे, शर्यतीचा माळ तोच, आणि पठारावर पवनचक्क्यांची रांग. चक्क्या तिथं उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जानेवारीत तो वारा माणसाला उभं राहू देत नाही. दोघी सातवीपासून त्या रांगेनं पळत आल्या होत्या. त्यांची एक रीत होती. एकीनं पुढं व्हायचं आणि छातीवर वारा घ्यायचा, दुसरीनं तिच्या पाठीमागं आडोशाला पळायचं. चक्की आली की बदली. ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती, आणि बंद खोलीत फिरत्या पट्ट्यावर पळवून मोजणाऱ्या यंत्राला ती सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"एकटीनं सगळा वारा घ्यायचा म्हणजे मी मधेच संपणार," समू म्हणाली. "तुला काय, तुला दोन हजार बावन्न हाय. मला हीच."

शिवन्याचा पाय हलायचा थांबला. पट्टीला बरं वाटलं असावं.

त्या आठवड्यात शिवन्या नीट झोपेना, नीट जेवेना. ताटावर बसली की गुडघा पाटाला आपटायचा, अभ्यासाला बसली की टाच जमिनीवर वाजायची. उज्वलाआत्या समोर बसून हे बघत होती. आत्या पन्नाशीची. नवरा सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात कोइमतूरला होता, तिथं तिची वीसेक वर्षं गेली. तो गेल्यावर पोरांनी तिकडंच दुकानं थाटली आणि आत्या दोन म्हशी घेऊन माहेरी भावाकडं राहिली. कधीकाळी तीही पळायची, एवढंच घरात माहीत होतं. एक कप होता, पितळी.

"काय झालंय गं? पायात भिंगरी बसलीय का?"

शिवन्यानं सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला. "दे."

"काय?"

"पट्टी. आंघोळीला काढतीस न्हवं? तेवढ्यात माझ्या पायावर चढव. तिला काय, ऊबदार पाय पायजे."

"आत्या, बाबांना कळलं तर?"

"विकासला काय कळलंय आजवर? पण ऐक. पळून आलीस की दोन भाकरी, दोन अंडी, वर तांब्याभर दूध. एक घास टाकलास तर मीच जाऊन सांगीन. आन महिन्याची पाळी चुकली तर आधी मला येऊन सांगायचं. लाजायचं न्हाय. समूलाबी हेच. तिलाबी हितंच जेवायला आण."

"एवढं कशाला?"

"खायचं मुकाट्यानं."

आणि जमलं. पहाटे शिवन्या ओढ्याच्या अंगानं पठारावर जायची, आत्या पट्टी बांधून म्हशींमागं हिंडायची. पट्टी इतकी खूश, की रोज सकाळी "उत्तम शिस्त" म्हणायची. विकास सगळ्यांना सांगत सुटला, "पोरगी बघा कशी शांत झाली. आक्का, तुझ्या संगतीचा गुण."

"व्हय तर," आत्या म्हणायची.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मात्र पडद्यावर भलतंच घडलं. २०४१च्या शर्यतीत प्रतिकृती लंगडायला लागली. लोकांच्या हातातली भेळ तशीच राहिली. २०४४मध्ये ती शर्यतीला उभीच राहिली नाही. २०५२ साल आलं तेव्हा ती मैदानाबाहेर एका बाकावर बसून दुसऱ्यांचं पळणं बघत होती. पाठीला थोडा बाक आला होता.

"यंत्र बिघडलं," धनाजीराव म्हणाले. मग थोड्या वेळानं कमानीकडं बघून म्हणाले, "बिघडलंच पाहिजे."

केंद्रातून विकासला फोन आला. शिवन्याच्या हाडांचा कस अचानक पन्नाशीच्या बाईसारखा दिसतोय. वैद्यकशास्त्रात असं होत नाही. डॉक्टर सकाळी स्वतः येत आहेत.

डॉक्टर फडणीस सकाळी हातातलं छोटं यंत्र घेऊन आल्या, तेव्हा पुकळ्यांच्या ओसरीवर निम्मं गाव जमलं होतं.

"शिवन्या कुठं आहे?"

"आंघोळीला गेलीय," आत्या म्हणाली.

"मघाशीपण आंघोळीलाच होती," विकास म्हणाला.

"अभ्यंगस्नान हाय."

डॉक्टरांनी फोन बघितला. "पण पट्टी तर इथंच दाखवतंय. या ओसरीवर."

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. धनाजीरावांनी स्वतःचे दोन्ही पाय तपासले. आत्यानं जरा वाट पाहिली, मग कुणालाच सापडत नाही म्हटल्यावर लुगड्याचा काठ वीतभर वर उचलला.

नडगीवर पट्टी होती. धनाजीरावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. "म्हणजे आक्का, इतके दिवस आम्ही टाळ्या वाजवत व्हतो त्या..."

"मला. गोठ्यापर्यंत आवाज येत व्हता. बरं वाटायचं."

"आन शिवन्या कुठंय?" विकासचा आवाज चढला. उत्तर त्याला माहीत होतं. पठाराच्या बाजूला तोंड करून तो म्हणाला, "आक्का, तू माझ्या पोरीचं वाटोळं केलंस! चौदा वर्षांचं सोनं एका सकाळी उधळलंस!"

डॉक्टर खाली बसून आत्याच्या नडगीवरून हातातलं यंत्र फिरवत होत्या. त्या मधेच थांबल्या. यंत्र त्याच जागेवरून पुन्हा फिरवलं.

"हे हाड एकदा तडकलं होतं."

"आसंल."

"असेल नाही, आहे. सोळाव्या वर्षाच्या आसपास. आणि..." डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही त्या तड्यावर पळालात?"

"शर्यत व्हती. सर म्हणाले, कळ सोस. त्याआधी म्हणायचे, रात्रीचं जेवू नको, अंग हलकं राहतं. पाळी गेली तवा सर खूश झाले. म्हणाले, आता खरी खेळाडू झालीस." आत्या लुगडं सारखं करत म्हणाली. "कप मिळाला. विकास त्यात गोट्या ठेवायचा."

विकास पायरीवर बसला. म्हणाला, "तू एस्टीतनं उतरून लंगडत घरी आलीस. मला वाटलं, कौतुक करून घ्यायला नाटक करतीया. मी तुझी नक्कल करत गावभर फिरलो, आक्का."

"चांगली करायचास. माझ्यापरीस झ्याक लंगडायचास."

यंत्र पुढचं शिखर सांगतं, तसं त्याला उलटं चालवलं तर हुकलेलंही सांगता येतं. डॉक्टरांनी यंत्राचा पडदा पाहिला. सांगावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

"नीट खाल्लं असतं आणि तेव्हा विश्रांती मिळाली असती, तर तुमचं शिखर अठ्ठाविसाव्या वर्षी आलं असतं. शिवन्याच्या शिखरापेक्षा फार खाली नाही."

आत्यानं आठवून बघितलं. "अठ्ठाविसाव्या वर्षी मी धाकट्याच्या बाळंतपणाला हितंच आले व्हते. त्या दिवसांत विहिरीवरनं हंडा घेऊन लई झपाझप यायचे. तेच आसंल ते."

तेवढ्यात वरून, पठारावरून, शर्यत सुटल्याचा भोंगा ऐकू आला.

धनाजीराव उडालेच. "जीप काढा! एक मैल पळली तरी एकेक वर्ष कमी होणार!"

"असं काही नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "एका शर्यतीनं हाड मोडत नाही. उपाशीपोटी पळत राहिल्यानं मोडतं. खाते का ती?"

"म्हशींच्या बरोबरीनं," आत्या म्हणाली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. विकास तिच्या शेजारी बसला. वाट खडबडीत होती आणि आत्या सगळ्या वाटभर बोलत होती. समूचा उतार, माळ्यावर जाणारे बूट, वाऱ्याची रीत, चक्की आली की बदली. विकासनं एकदाच विचारलं, "आन मला कुणीच का न्हाय सांगितलं?" आत्या म्हणाली, "तू रिक्षा चालवत व्हतास."

शेवटच्या चक्कीपाशी आयोजकांचा कर्णा होता. धनाजीरावांनी पोचताच माईक हिसकावून घेतला. खालच्या वळणावर मुली दिसायला लागल्या. दोघीजणी बाकीच्यांपासून सुटून पुढं आल्या होत्या, पण वारा असा होता की त्या जागच्या जागी पळताहेत असं वाटत होतं. समू पुढं होती, मान वाकडी, तोंड उघडं. शिवन्या तिच्या पाठीशी.

"शिवन्या! थांब!" धनाजीराव कर्ण्यातून ओरडले. "गावाचं ऐक! दोन हजार बावन्न! थांब पोरी!"

शिवन्यानं मान वर केली. तिला जीप दिसली, सरपंच दिसले, आणि शेजारी उभे असलेले वडील. तिची पावलं अडखळली. दोघींमध्ये हातभर अंतर पडलं, मग दोन हात. समूनं मागं वळून बघितलं आणि एकटीनंच वाऱ्यात डोकं घातलं.

विकासनं माईक घेतला. धनाजीराव तो सोडत नव्हते, त्यामुळं थोडी झटापट कर्ण्यातून सगळ्या पठाराला ऐकू गेली. मग विकासचा आवाज आला, फाटलेला.

"शिवन्या! ए शिवे! चक्की आली! पाळी तुझी हाय! म्होरं हो, वारा घे!"

शिवन्यानं एकदा नीट बघितलं, बापच बोलतोय ना म्हणून. मग ती सुटली. समूला ओलांडून पुढं झाली, खांदे रुंद केले, आणि इतके महिने बसून साठलेलं सगळं त्या वाऱ्यावर काढलं. समू तिच्या पाठीशी आली. चक्कीचं पातं त्यांच्यावरून सावली टाकत गेलं. पुढं वाट वळत होती आणि वारा पाठीला येत होता. तिथून आडोशाची गरज नव्हती, तिथून जिची तिची ताकद. समू शिवन्याच्या बाजूनं निघाली, अंगानं अंग घासलं, आणि दोरीला समूची छाती आधी लागली.

दोघी धुळीत उताण्या पडून हसत होत्या, तिथं डॉक्टर पोचल्या. समूनं पडल्यापडल्याच विचारलं, "मॅडम, माझं शिखर झालं न्हवं?"

"यंत्राच्या मते, हो. आत्ताच."

"मग मला पुढं पळायची मर्यादा किती?"

डॉक्टरांनी फोनमध्ये बघितलं. "तुझ्यासाठी मर्यादा ठरवलेलीच नाही. उतारावरच्या मुलींची कुणी ठरवत नाही."

"म्हणजे मी मनाला येईल तेवढी पळू?"

"जेवून," आत्या मागून म्हणाली.

समूचे वडील बूट न्यायला आले होते. त्यांनी ते हातात घेतले, तळ बघितले आणि म्हणाले, "टाच गेलीय. नवीन लागतील."

शिवन्याची मोजणी पुन्हा झाली. डॉक्टरांनी या वेळी एक साल सांगितलंच नाही. शिखर चोविसाव्या आणि एकतिसाव्या वर्षांच्या मध्ये कुठंतरी आहे, म्हणाल्या. आधीही इतकंच सांगायला हवं होतं, पण आलेखाचं टोक फार सुबक आलं होतं. धनाजीरावांनी पाथरवटाला बोलावून सगळी सालं कोरायला लावली, तर तो म्हणाला, एवढ्या जागेत आठ सालं बसणार नाहीत. शेवटी त्यानं आहे ते साल छिन्नीनं उडवलं. कमानीवर आता 'पदकविजेती', मग एक खडबडीत चौकोन, मग 'कु.'. पाहुण्यांनी विचारलं की धनाजीराव सांगतात, "जागा राखीव हाय."

पट्टी मात्र आत्याच्या पायावरच राहिली. डॉक्टरांनीच विनंती केली. पन्नाशीच्या पुढच्या, कधीकाळी पळालेल्या बायकांच्या हाडांबद्दल केंद्राकडं काहीच माहिती नव्हती. कुणी विचारायलाच गेलं नव्हतं. फक्त पट्टीतली मर्यादा बदलायची राहून गेली, ती अजून शिवन्याचीच आहे.

त्यामुळं पहाटे दोघी पोरींच्या मागं आत्या रिकाम्या चौकोनाखालून बाहेर पडते, आधी चालत, मग चालण्यापेक्षा जरा जास्त, तेव्हा पायाशी घरघर सुरू होते आणि बाई म्हणते, "अनावश्यक हालचाल." आत्या वाकून मोजा पट्टीवर ओढते.

एके दिवशी पठारावर वारा जोराचा होता. पहिल्या चक्कीपाशी दोघी पोरी पाय नाचवत तिची वाट बघत उभ्या होत्या.

"आत्या, पाळी तुझी," शिवन्या म्हणाली.

आत्यानं पदर कमरेला खोचला आणि ती पुढं झाली.